बदलापूर, टिटवाळा, विरारकडे घर घ्यायचं का? आधी मिनिटं मोजा, मग स्क्वेअर फूट

दर वर्षी एप्रिल-मे आला की मला निदान दोन-तीन फोन येतात, कधी ऑफिसमधली कोणी, कधी लालबागची जुनी शेजारीण, आणि प्रश्न एकच असतो, "ताई, आम्ही पण तुमच्याकडे फ्लॅट बघतोय, घेऊ का?" मी पटकन हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. आम्ही 2016 ला लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून बदलापूरला आलो, आधी पश्चिमेला भाड्याने राहिलो, मग पूर्वेला कात्रपच्या बाजूला स्वतःचं घेतलं, आणि मी अजूनही रोज दादरला जाते. मला इथे आल्याचा पश्चात्ताप नाही. पण माझ्या मिस्टरांचं काम अंबरनाथ एमआयडीसीत आहे, म्हणजे आमच्या घरातलं एकच माणूस लांब जातं, आणि आमचं गणित जमलं ते फक्त त्याच्यामुळे जमलं. हे एवढं एक वाक्य फोनवर कोणी ऐकून घेत नाही, सगळ्यांना पर स्क्वेअर फूट भाव हवा असतो. म्हणून फोनवर तासभर जे बोलते ते सगळं इथे क्रमाने लिहून ठेवते.

आधी घरातल्या प्रत्येकाची मिनिटं लिहा

एक वही घ्या आणि घरात जेवढी माणसं आहेत त्या प्रत्येकाचं एक पान करा. त्याच्यावर फक्त एवढंच लिहायचं की हा माणूस रोज कुठे जातो, आठवड्यातून कुठे जातो, आणि आजारी पडला तर कुठे जातो. नवऱ्याचं ऑफिस, बायकोचं ऑफिस, मुलाची शाळा-क्लास, सासूबाईंचा डॉक्टर, महिन्यातून एकदा माहेरी जाणं, सगळं. आजी-आजोबांचं पान लोक हमखास सोडून देतात आणि नंतर सगळ्यात जास्त त्रास त्याच पानाचा होतो.

मग रोजच्या प्रवासाचे तुकडे पाडायचे. एजंट सांगतो "दादर सव्वा तास", ते खोटं नसतं पण तो फक्त गाडीतला वेळ असतो. माझ्या वहीतलं पान असं आहे: घर ते शेअर रिक्षाचा स्टँड 6 मिनिटं, रिक्षा भरेपर्यंत 4, रिक्षात 10, ब्रिज चढून प्लॅटफॉर्मवर 5, गाडीची वाट 12, गाडीत 80, दादरला उतरून ब्रिज आणि गर्दीतून बाहेर 8, तिथून चालत ऑफिस 15. टोटल 140. म्हणजे जायला दोन तास वीस मिनिटं, यायला साधारण तेवढीच, दिवसाचे 280 मिनिटं, महिन्याला 24 दिवस धरले तर 112 तास.

आता हेच ठाण्याहून केलं असतं तर समजा एका बाजूने 75 मिनिटं लागली असती, म्हणजे महिन्याला 60 तास. फरक 52 तासांचा. समजा ठाण्याला भाडं 22 हजार आणि बदलापूरला 9 हजार, वाचले 13 हजार. त्याच्यातून जास्तीचा रिक्षाचा खर्च, लांबचा पास, उशीर झाला की बाहेरून मागवलेलं जेवण, मुलाला पाळणाघरात जास्त वेळ ठेवल्याचे पैसे असे धरून साडेतीन हजार वजा करा, राहिले साडेनऊ हजार. भागिले 52, एका तासाचे साधारण 183 रुपये. आता नवरा-बायको दोघंही मुंबईला जात असतील तर तास होतात 104 आणि तोच आकडा येतो 91 वर, आणि पाळणाघराचा खर्च वाढला तर अजून खाली. हे आकडे माझे धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. जो आकडा येईल तो घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा आणि विचारा, एवढ्या पैशासाठी रोजचा एवढा वेळ द्यायला आपण तयार आहोत का. कधी उत्तर हो येतं, कधी नाही, पण जिला पहाटे साडेचारला उठून डबे करायचे आहेत तिचं उत्तर आधी ऐका, तिच्या मिनिटांमध्ये गाडीच्या आधीचे दीड तास पण येतात आणि ते कोणी मोजत नाही.

रविवारी दुपारी जाऊन निर्णय घेऊ नका

साइट व्हिजिट बहुतेक लोक रविवारी करतात. गाडी रिकामी, हवा छान, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी चालू, खिडकीतून डोंगर दिसतो. आमच्याकडे तवलीचा डोंगर पावसाळ्यात इतका हिरवा दिसतो की कोणीही टोकन देईल.

त्याऐवजी एखाद्या नातेवाईकाकडे किंवा लॉजवर रविवारी रात्री मुक्कामाला या, आणि सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस तिथूनच ऑफिसला जा. पाच नाही जमले तर निदान तीन. सकाळी 7 ते 8 च्या मधली गाडी पकडा, संध्याकाळी नेहमीच्या वेळेला सुटून दादरला किंवा ठाण्याला चढून बघा. एकदा तरी मुद्दाम रात्री उशिराची गाडी घ्या आणि उतरल्यावर घरापर्यंत जायला काय मिळतं ते बघा. बाई एकटी जाणार असेल तर तिनेच हे करून बघायला हवं, तिच्या वतीने नवऱ्याने बघून चालत नाही, रिक्षा स्टँडवर साडेअकराला उभं राहिल्यावर तिला काय वाटतं हे तिलाच कळतं.

गाडीत बसल्यावर दोन-तीन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, तुमच्या वेळेला तिथून सुटणारी गाडी आहे का, की सगळ्या मागून भरून येतात. बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, आसनगाव, विरार इथून सुटणाऱ्या गाड्या आहेत, त्या गाडीत बसायला मिळण्याची आशा असते. वांगणी किंवा खडवलीसारख्या मधल्या स्टेशनला चढणाऱ्याला जी मागून येईल तीच गाडी. दुसरं, दोन गाड्यांच्या मध्ये किती वेळ जातो. कल्याणपर्यंत गाड्या भरपूर, पण कल्याणला फाटा फुटला की अर्ध्या कर्जतकडे आणि अर्ध्या कसाऱ्याकडे, त्यामुळे एक चुकली की पुढची लगेच नाही. तिसरं, उभं राहून 80 मिनिटं तुमची कंबर काय म्हणते. माझी पहिल्या महिन्यात फार बोलली, मग सवय झाली, पण स्लिप डिस्क असलेल्या माझ्या मैत्रिणीला ती सवय कधीच झाली नाही आणि दोन वर्षांत ती मुलुंडला भाड्याने परत गेली.

कुठलं स्टेशन?

सीएसएमटीपासून अंबरनाथ 60 किलोमीटर, टिटवाळा 64, बदलापूर 68, कर्जत 100, कसारा 121. वेस्टर्नला चर्चगेटपासून विरार 60 आणि डहाणू रोड 124. किलोमीटरपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ट्रॅक किती आहेत. कल्याणच्या पुढे दोन्ही फाट्यांवर वर्षानुवर्षं दोनच ट्रॅक, त्याच्यावरूनच लोकल, त्याच्यावरूनच पुण्याच्या किंवा नाशिकच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या. एक मालगाडीचं इंजिन बंद पडलं की मागे सगळं थांबलं. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम मंजूर होऊन सुरू झालंय, तसंच विरार-डहाणू चौपदरीकरण. ब्रोशरमध्ये हे सगळं झाल्यासारखंच छापलेलं असतं. माझं सांगणं एवढंच, आज ज्या गाड्या धावतात त्याच्यावर निर्णय घ्या, उद्या लाइन झाली तर तो बोनस समजा.

ज्यांचं ऑफिस बीकेसी, अंधेरी, ठाणे, ऐरोली असं कुठेतरी आहे त्यांनी गाडी किती वेळा बदलायची ते मोजा. एकदा बदलणं चालतं. दोनदा बदलायची असेल आणि शेवटी परत बस किंवा रिक्षा असेल तर मी सरळ नको म्हणते, कारण प्रत्येक बदलाला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि एक कडी चुकली की पुढचं सगळं चुकतं.

स्टेशन ते बिल्डिंग, हे चालून बघा

"स्टेशनपासून 10 मिनिटं" हे वाक्य प्रत्येक बोर्डावर असतं. कशाने 10 मिनिटं ते लिहिलेलं नसतं. चालत जा, घड्याळ लावून, आणि शक्यतो जुलैत. रस्ता काँक्रीटचा आहे की मातीचा, दिवे आहेत का, गुडघाभर पाणी साचतं का, शेअर रिक्षा शेवटपर्यंत येते की नाक्यावर सोडते आणि पुढे स्पेशल करावी लागते. रोज दोन्ही वेळेला स्पेशल करावी लागली तर महिन्याचा आकडा काढून बघा, कित्येकदा तेवढ्या पैशात स्टेशनजवळचं जुन्या बिल्डिंगमधलं घर परवडतं. मी तर म्हणेन नव्या कॉम्प्लेक्समधल्या गार्डन-जिमपेक्षा स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांत असलेलं साधं घर बरं, गार्डनमध्ये जायला तुम्ही घरी उजेडात पोचणारच नाही.

पाणी, पूर आणि लाइट

आमच्या पश्चिमेच्या भाड्याच्या घरात आम्ही फेब्रुवारीत राहायला गेलो होतो, तेव्हा उल्हास नदी म्हणजे शांत, काठावर गवत, मुलगा लहान होता त्याला घेऊन संध्याकाळी तिकडे जायचो. आणि 2019 च्या जुलैत 26 तारखेच्या रात्री पाणी चढायला लागलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं की महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकलीय आणि हजारावर प्रवासी बोटींनी काढतायत. त्याच वेळी आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचं पाणी जिन्याच्या सातव्या पायरीवर होतं, मी टॉर्च मारून मोजत होते, सहावी बुडाली, सातवी बुडाली, आठवीला थांबलं. तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. आम्हाला घर देताना मालकाने 2005 च्या पाण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

म्हणून आता मी सांगते ते न चुकता करा. नदीच्या बाजूला घर बघत असाल तर पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा पाटबंधारे खात्याने केलेला असतो आणि नगरपालिकेच्या नगररचना विभागात बघायला मिळतो. पण नकाशाइतकंच महत्त्वाचं म्हणजे आसपासच्या किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा, "2005 ला आणि 2019 ला पाणी कुठपर्यंत होतं?" तो हात करून भिंतीवर दाखवतो. जुन्या बिल्डिंगच्या कंपाउंडवर गाळाची रेघ पण दिसते कधीकधी.

आता प्यायचं पाणी. बदलापूरच्या कुशीत बारवी धरण आहे पण ते एमआयडीसीचं, त्याचं पाणी पार ठाणे-नवी मुंबईकडे जातं, आणि आमच्याकडे उल्हास नदीतून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते उन्हाळ्यात इथे काही भागांत अगदी तसंच होतं. फ्लॅट बघताना सेल्स ऑफिसला पाण्याचं विचारू नका, ते चोवीस तासच सांगणार. वॉचमनला विचारा टँकर महिन्याला किती येतात. सोसायटी असेल तर मेंटेनन्सचं एप्रिल-मेचं बिल मागा, टँकरचा खर्च त्याच्यात दिसतो. शक्य असेल तर मे महिन्यात सकाळी सहाला जाऊन उभे राहा, बिल्डिंगखाली हंडे-ड्रम रांगेत दिसले तर उत्तर मिळालं. बोअरचं पाणी असेल तर एका पांढऱ्या भांड्यात उकळून बघा, तळाला खार किती बसतो, गीझर आणि वॉशिंग मशीन त्याच खाराने जातात.

लाइट महावितरणची, आमच्याकडे दुरुस्तीचा शटडाउन बहुतेक शुक्रवारी असतो आणि पावसाच्या पहिल्या वाऱ्याला हमखास जाते. घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टरचे पैसे आधीच बजेटमध्ये धरावेत. उन्हाळा मुंबईपेक्षा कडक असतो, पारा चाळीसच्या वर जाणं इथे नवीन नाही, त्यामुळे सगळ्यात वरच्या मजल्यावरचं पश्चिमेला तोंड असलेलं घर स्वस्तात मिळालं तरी दोनदा विचार करा. एमआयडीसीच्या जवळ असाल तर रात्री अकरानंतर एकदा गच्चीवर उभं राहून वास येतो का बघा, दिवसा कळत नाही.

कागद

इथे घाई केली तर आयुष्यभराची कमाई जाते, म्हणून नीट वाचा. महारेरा म्हणजे बिल्डरच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून बघा. पण फक्त महारेरा नंबर बघून गप्प बसू नका. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून महारेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितलं, त्या इमारतींमध्ये माणसं राहत होती, कर्ज फेडत होती. त्यामुळे बांधकाम परवानगीचा जो नंबर आणि तारीख दिलीय ती घेऊन स्वतः नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि त्यांच्या रेकॉर्डला आहे का विचारा. एक सुट्टी गेली तरी चालेल.

सातबारा बघा, जमीन बिनशेती झालीय का बघा, वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, घ्या, आणि तो वकील बिल्डरने सुचवलेला नको. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, बिल्डिंग राहायला योग्य आहे असा पालिकेचा दाखला, डोळ्यांनी बघा. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या बिल्डिंगला "ग्रामपंचायतीची परवानगी आहे" असं सांगतात, तेवढ्यावर जाऊ नका. आणि एक सोपी परीक्षा, सरकारी बँकेत जाऊन त्या बिल्डिंगवर होम लोन देता का विचारा. दोन बँका नाही म्हणाल्या आणि बिल्डर म्हणतोय मी माझ्या ओळखीच्या फायनान्सकडून करून देतो, तर तिथूनच परत फिरा.

रजिस्टर्ड अॅग्रीमेंट व्हायच्या आधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, तो रेरा कायद्यातच नियम आहे, आणि जे द्याल ते चेकनेच द्या.

पैसे: आधी भाड्याने राहा

किमतीच्या वरचा खर्च आधी मोजा. स्टॅम्प ड्युटी भागाप्रमाणे सहा-सात टक्क्यांच्या आसपास, घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट आहे, ती घ्याच, आणि घर बाईच्या नावावर असणं तसंही चांगलं. रजिस्ट्रेशन एक टक्का पण जास्तीत जास्त 30 हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी 5 टक्के, 45 लाखांच्या आतलं आणि 60 चौरस मीटर कार्पेटच्या आतलं असेल तर 1 टक्का, आणि ओसी मिळाल्यानंतर घेतलं तर जीएसटी नाही. त्याच्यावर मेंटेनन्स डिपॉझिट, ग्रिल, पंखे, किचनची ट्रॉली, हे सगळं कमीत कमी दोन-अडीच लाख सहज जातं.

आणि आता माझा सगळ्यात ठाम सल्ला. समजा 30 लाखांचा वन बीएचके, 25 लाख लोन, 20 वर्षं, साडेआठ टक्के, तर हप्ता येतो साधारण 21,700. तेच घर भाड्याने 9 हजाराला मिळत असेल तर आधी 11 महिन्यांचा भाडेकरार करा, आणि तो असा करा की जुलै ते सप्टेंबर आणि पुढचा एप्रिल-मे त्याच्यात येईल. पाऊस आणि पाणीटंचाई दोन्ही बघून होतात, कुठला वॉर्ड चांगला ते कळतं, कुठल्या बिल्डरच्या बिल्डिंगला दुसऱ्या वर्षी ओल येते ते कळतं. आम्ही भाड्याने होतो म्हणून पुराच्या नंतर सामान उचलून पूर्वेला येऊ शकलो, तिथेच विकत घेतलं असतं तर आज काय झालं असतं ते मला सांगता येत नाही.

शाळा, दवाखाना आणि जे मिळतं ते

शाळा लहानपणी ठीक मिळतात, मराठी माध्यमाच्या जुन्या चांगल्या शाळा आहेत, अडचण दहावीनंतर येते, कारण मूल चांगल्या कॉलेजसाठी डोंबिवली, ठाणे, मुंबई करायला लागतं आणि मग त्याचंही वहीत पान वाढतं. मूल आत्ता आठवीत असेल तर दोन-तीन वर्षांनी सोळाव्या वर्षी ते तुमच्याच गर्दीत उभं असणार हे धरून चाला.

दवाखान्याचं जास्त गंभीर आहे. लालबागला असताना केईएम हाकेच्या अंतरावर होतं. इथे ताप-पोटदुखीला उत्तम डॉक्टर आहेत, पण सरकारी मोठं हॉस्पिटल म्हणजे उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, आणि मोठं काही असेल तर कल्याण, ठाणे, मुंबई. घरात हार्ट पेशंट किंवा डायलिसिसवालं कोणी असेल तर रात्री दोनला रिकाम्या रस्त्याने आणि संध्याकाळी सातला ट्रॅफिकमधून असं दोन्ही वेळेला गाडीने जाऊन बघा किती वेळ लागतो. डायलिसिस सेंटर गावातच आहे का, तिथे जागा मिळते का ते आधी विचारून घ्या.

एवढं सगळं सांगितल्यावर समोरची विचारते, मग तुम्ही का राहता? सासूबाईंना लालबागला रात्री कॉमन संडासला जायला गॅलरीच्या टोकापर्यंत जावं लागायचं, गुडघे गेलेले, पावसात दोनदा पडल्या. इथे आलो त्या पहिल्या रात्री त्या स्वतः उठून गेल्या आणि कोणालाही हाक मारली नाही. सकाळी मला म्हणाल्या, "आज मी कोणाची झोप नाही मोडली गं." मुलाला स्वतःचं टेबल आहे, दार लावून अभ्यास करतो. जूनमध्ये दारावर कातकरी बायका जांभळं घेऊन येतात, त्या बदलापूरच्या जांभळाला आता जीआय मानांकन मिळालंय. शेजार आहे, कारण सगळेच कुठून ना कुठून सोडून आलेले, त्यामुळे एकमेकांना धरून राहतात, मी गाडीत अडकले तर मुलगा समोरच्यांकडे जेवलेला असतो. हे सगळं माझ्या 112 तासांच्या समोर मी ठेवते आणि मला ते जड वाटतं. तुमच्याकडे आजी नसतील, मूल नसेल, दोघांची ऑफिसं अंधेरीला असतील, तर तुमचं पारडं दुसरीकडे झुकेल आणि ते अगदी बरोबर असेल. तसं असेल तर ठाण्यात, मुलुंडला छोट्या घरात भाड्याने राहा आणि कोणी "भाडं म्हणजे पैसे पाण्यात" म्हणालं तरी मनाला लावून घेऊ नका.

ठरलंच यायचं तर शिफ्टिंग मेच्या पहिल्या पंधरवड्यात करा, शाळेचा दाखला हातात असतो आणि पाऊस नसतो. टेम्पो पहाटे पाचच्या आत निघेल असं बघा, शिळफाटा आणि काटई नाका सात वाजायच्या आत पार झाला पाहिजे, नाहीतर दुपारपर्यंत सामान रस्त्यावर. पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन, एक बल्ब आणि स्क्रू ड्रायव्हर टेम्पोत न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवा.